डॉलर नावाचे नाणे : टांकसाळ, चलन आणि शब्द

प्रास्ताविक

भिवंडीतील एखाद्या यंत्रमाग कारखान्यातून रात्रपाळी संपवून बाहेर पडलेला कामगार समोरच्या टपरीवर चहा घेतो आणि दहा रुपयांचे नाणे पुढे करतो. टपरीवाला ते उलटसुलट करून पाहतो आणि परत देतो. "हे चालत नाही, नोट असेल तर द्या," एवढेच म्हणतो. असा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. काहींनी अनुभवलाही असेल. नाणे खोटे नसते. ते शासनाच्या टांकसाळीत पाडलेले असते, त्यावर सिंहमुद्रा असते, कायद्याने ते वैध असते. तरीही ते 'चालत नाही'. मराठीत पैशाला आपण 'चलन' म्हणतो. चलन म्हणजे जे चालते ते. मग जे शासनाचे आहे पण चालत नाही, त्याला काय म्हणावे? आणि याच्या उलट, ज्या प्रदेशावर नाणे पाडणाऱ्या राजाची सत्ताच नाही त्या प्रदेशात ते नाणे शतकानुशतके कसे चालते?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी डॉलर या नाण्याइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. डॉलर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेची हिरवट नोट येते. परंतु डॉलर हे मुळात चांदीचे नाणे आहे, त्याचे नाव अमेरिकेहून पुष्कळ जुने आहे आणि त्याच्या इतिहासाचे एक मोठे प्रकरण आपल्या मुंबईत घडलेले आहे. या घटकात आपण तो इतिहास पाहू आणि त्या ओघात मराठीतील नाणेविषयक शब्दांकडेही वळू. 'भाषा आणि समाजव्यवहार' यांचा संबंध तपासताना हे शब्द आपल्याला फार उपयोगी पडतात.

दरीचे नाव नाण्याला

आजच्या चेक प्रजासत्ताकात, बोहेमियाच्या डोंगराळ भागात याखिमॉव्ह नावाचे एक छोटे गाव आहे. जर्मन भाषेत त्याचे नाव योआखिमस्थाल, म्हणजे संत योआखिमची दरी. १५१६च्या सुमारास या दरीत चांदीच्या समृद्ध खाणी सापडल्या. तेथील श्लिक या सरदार घराण्याने १५१९-२०च्या सुमारास त्या चांदीची मोठी, जड नाणी पाडण्यास आरंभ केला. दरीच्या नावावरून त्या नाण्यांना 'योआखिमस्थालर' असे म्हणू लागले. एवढे लांब नाव बाजारात टिकणे शक्य नव्हते. त्याचा पूर्वार्ध गळाला आणि 'थालर' उरले. थालर म्हणजे 'दरीतले'. डच भाषेत त्याचे 'डालडर' झाले आणि इंग्रजीत 'डॉलर'. (याच गावच्या खाणीतील खनिजातून पुढे मारी क्यूरी यांनी रेडियम वेगळे केले, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.)

एका गावचे नाव नाण्याला मिळाले आणि ते नाव पुढे गावाला विसरून जगभर फिरले. आपल्याकडे पैठणी, चंदेरी किंवा इरकल हे शब्द असेच गावांच्या नावांवरून आले आहेत. फरक एवढाच की पैठणी म्हटल्यावर पैठण अजून आठवते.

अमेरिका खंडातील स्पॅनिश वसाहतींत, मेक्सिको आणि पोतोसी येथे, चांदीचे प्रचंड साठे सापडल्यानंतर स्पेनने 'आठ रियालांचे' जे नाणे पाडले ते आकाराने व वजनाने थालरच्या जवळचे होते. म्हणून इंग्रजी बोलणारे व्यापारी त्यालाही डॉलरच म्हणू लागले. हेच नाणे सतराव्या व अठराव्या शतकांत मनिलापासून चीनपर्यंत आणि तेथून हिंदी महासागराच्या किनाऱ्यापर्यंत पसरले. स्पेनची सत्ता या सर्व प्रदेशांवर नव्हती. चिनी व्यापाऱ्याला स्पेनचा राजा कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला ठाऊक होते ते एवढेच की या ठशाचे नाणे दरवेळी जवळजवळ त्याच वजनाचे व त्याच कसाचे असते.

अमेरिकेच्या नव्या प्रजासत्ताकाने १७९२च्या कायद्याने स्वतःचा डॉलर ठरवला, तोही याच स्पॅनिश नाण्याच्या मापाने. १७९४ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून पहिले चांदीचे डॉलर बाहेर पडले. पण ते देशात राहिनात. नवा डॉलर स्पॅनिश डॉलरपेक्षा किंचित हलका होता, तरी वेस्ट इंडीज बेटांत दोन्ही एकास एक दराने घेतले जात. चतुर व्यापारी नवे डॉलर तेथे नेत, बदल्यात जड स्पॅनिश नाणी आणत आणि ती पुन्हा टांकसाळीत देऊन आणखी नवे डॉलर पाडून घेत. टांकसाळ कष्ट करी आणि नफा दलाल मिळवी. अखेरीस १८०४ साली डॉलर पाडणे थांबवण्यात आले आणि ते तीन दशकांहून अधिक काळ थांबलेलेच राहिले. स्पॅनिश नाणी अमेरिकेत १८५७पर्यंत कायदेशीर चलन होती. ज्या देशाच्या नावाशी आज डॉलर जोडलेला आहे, त्या देशातही साठ-पासष्ट वर्षे परक्याचा डॉलरच अधिक चालला.

वजन, कस आणि छाप

धातूच्या नाण्याचे मोल तीन गोष्टींवर उभे असते. पहिली वजन, दुसरी कस म्हणजे शुद्धता, आणि तिसरी छाप, म्हणजे ही दोन्ही बरोबर आहेत असे सांगणारी कोणाची तरी ग्वाही. ग्वाहीवर विश्वास असला की कोणी वजन करत बसत नाही. विश्वास उडाला की काटा आणि कसोटीचा दगड बाहेर येतात.

चीनमध्ये परकी डॉलर हातात पडला की सराफ तो पारखून घेत आणि त्यावर आपल्या पेढीचा बारीक ठसा ठोकत. पुढचा सराफ पुन्हा स्वतःचा ठसा ठोके. काही नाणी अशा ठशांनी इतकी भरून गेली की मूळचा राजा किंवा गरुड दिसेनासा झाला. नाण्याची ही विद्रूपता हेच त्याच्या खरेपणाचे प्रमाणपत्र होते. इतक्या जणांनी तपासून घेतले, तेव्हा आता निःशंक घ्यावे, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे हे काम सराफ आणि पोतदार करत. पेशवाईच्या उत्तरकाळात आणि त्यानंतरही काही दशके महाराष्ट्रात अनेक तऱ्हांचे रुपये एकाच वेळी फिरत होते : अंकुशी, चांदवडी, सुरती, निजामाच्या मुलखातील हाली सिक्का. वसूल एका रुपयात ठरलेला असे आणि रयतेच्या हाती दुसराच रुपया असे. दोहोंतील फरक सराफ ठरवी. त्या कपातीला 'बट्टा' म्हणत. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा व कसाचा रुपया केला आणि हळूहळू हा गोंधळ ओसरला. तांब्याच्या नाण्यांबाबत मात्र लोक लवकर बदलले नाहीत. शिवराज्याभिषेकाच्या काळापासूनची परंपरा असलेली शिवराई एकोणिसाव्या शतकातही दख्खनच्या बाजारांत चालत होती. जे राज्य उरले नव्हते त्याच्या नावाचा पैसा लोकांनी आपल्या विश्वासावर चालवला.

'नाणे वाजवून घेणे' हा वाक्प्रयोग येथूनच येतो. चांदीचे खरे नाणे दगडावर टाकले की स्वच्छ, लांबणारा नाद उमटतो. शिशाची भेसळ असली की तो बद्द होतो. म्हणून विश्वासू माणूस 'खणखणीत नाणे' आणि संशयास्पद माणूस 'हिणकस'. हीण म्हणजे भेसळीची हलकी धातू. ज्याच्या कसात हीण आहे तो हिणकस.

मुंबईत पडलेला डॉलर

आता आपण मुख्य प्रकरणाकडे येऊ. भिवंडीहून ठाण्याला येऊन लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठले की शहीद भगतसिंग मार्गावर, रिझर्व्ह बँकेच्या समोर, एक खांबांची भारदस्त इमारत दिसते. ही मुंबईची टांकसाळ. कॅप्टन जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली १८२४ ते १८३० या काळात ती उभी राहिली आणि वाफेवर चालणारी यंत्रे इंग्लंडच्या बोल्टन व वॅट यांच्या कारखान्यातून आली. रुपये, अधेल्या, पावल्या, चवल्या तेथे पडत होत्याच. १८९५ पासून तेथे डॉलरही पडू लागला.

हे कसे घडले? कारणे दोन दिशांनी आली. पहिली दिशा पूर्वेची. हाँगकाँग, सिंगापूर, पिनांग या ब्रिटिश बंदरांचा व्यवहार मेक्सिकोच्या डॉलरवर चालत असे. ब्रिटिशांनी १८६६ साली हाँगकाँगमध्ये स्वतःची टांकसाळ उघडली होती. पण ती दोनच वर्षांत तोट्यात बुडाली आणि तिची यंत्रसामग्री जपानला विकण्यात आली. पुढे मेक्सिकन डॉलरचा तुटवडा भासू लागला तेव्हा तेथील बँका व व्यापारी दुसऱ्या नाण्याची मागणी करू लागले.

दुसरी दिशा आपल्या देशाची, आणि ती अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावे, ठरलेली घडणावळ द्यावी आणि तेवढ्या चांदीचे रुपये घेऊन यावे, अशी मुभा होती. म्हणजे रुपया आणि त्यातील चांदी यांच्या मोलात फार अंतर पडू शकत नसे. पण १८७०नंतर युरोपातील देश एकामागून एक सोन्याकडे वळले, अमेरिकेच्या खाणींतून चांदीचा लोंढा आला आणि चांदीचा भाव घसरत गेला. पूर्वी सुमारे दोन शिलिंगांना असलेला रुपया १८९२-९३पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास उतरला. सरकारला इंग्लंडमध्ये पौंडांत देणी द्यावी लागत. तिजोरीला ओढ बसली. म्हणून जून १८९३मध्ये कायदा करून जनतेसाठी टांकसाळींची दारे बंद करण्यात आली. रुपये आता सरकारच्याच इच्छेने पडणार होते. रुपयाचा भाव पुढे १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिर करण्यात आला.

या एका कायद्याचे परिणाम घराघरांत पोहोचले. शेतकऱ्याच्या घरातील वाळे, तोडे, गोठ, साखळ्या ही अडीअडचणीची शिल्लक असे. पूर्वी त्या चांदीचे मोल रुपयाच्या मोलाबरोबर असे. आता रुपया वर धरून ठेवलेला आणि चांदी मात्र घसरत चाललेली. दागिना तोच, वजन तेच, पण मोडायला गेल्यावर रुपये कमी. या गोष्टीवर त्या काळी टीका झाली आणि ती रास्त होती असे आज मागे वळून पाहतानाही वाटते. मुंबईच्या गिरणीमालकांची तक्रार वेगळी होती. त्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाई आणि चीनचा व्यवहार चांदीत चाले. रुपया चांदीपासून सुटल्यावर चिनी गिऱ्हाइकाला तेच सूत महाग पडू लागले. भिवंडीसारख्या विणकरांच्या गावात राहणाऱ्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सुताचा भाव हा केवळ कापसावर ठरत नाही.

तर टांकसाळीचे काम कमी झाले होते आणि पूर्वेला डॉलर हवा होता. फेब्रुवारी १८९५मध्ये ब्रिटिश सरकारने आदेश काढला आणि मुंबईच्या टांकसाळीत 'ब्रिटिश व्यापारी डॉलर' पडू लागला. त्याचे वजन ४१६ ग्रेन, म्हणजे सुमारे २६.९५ ग्रॅम, हजारात ९०० भाग शुद्ध चांदी, व्यास ३९ मिलिमीटर. एका बाजूला हातात त्रिशूळ व ढाल घेतलेली उभी ब्रिटानिया आणि पाठीमागे समुद्रात जहाज. दुसऱ्या बाजूला मध्यभागी दीर्घायुष्याचे चिनी चिन्ह, चिनी लिपीत 'एक युआन' आणि अरबी वळणाच्या जावी लिपीत मलय भाषेतील 'एक रिंगिट'. इंग्रजी, चिनी, मलय अशा तीन भाषा एका नाण्यावर होत्या. ज्या नगरीत ते पडले तेथील एकही भाषा त्यावर नव्हती! मुंबईची खूण एवढीच की त्रिशूळाच्या मधल्या टोकावर भिंगाशिवाय न दिसणारे इंग्रजी 'बी' हे अक्षर कोरलेले असे. काही थोडी नाणी कलकत्त्याला व लंडनलाही पडली, पण बहुतांश मुंबईचीच.

हा डॉलर मुंबईत पडे पण मुंबईत चालत नसे. भारतात तो कायदेशीर चलन नव्हता. पेट्या भरून तो गोदीत जाई आणि बोटीने पूर्वेकडे निघे. उत्तर चीनपर्यंत तो पोहोचला. तेथील लोक त्याला 'उभ्या माणसाचा डॉलर' म्हणत. ब्रिटानिया ही देवता आहे, स्त्री आहे, हा तपशील बाजाराने मनावर घेतला नाही.

येथे थोडे गणित करून पाहा. व्यापारी डॉलरमध्ये शुद्ध चांदी ३७४.४ ग्रेन, रुपयात १६५ ग्रेन. म्हणजे डॉलरमध्ये रुपयाच्या सव्वादोन पटीहून अधिक चांदी. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी एका डॉलरला दोन रुपयेही येत नसत. डॉलर आपल्या चांदीच्या बळावर चाले आणि रुपया सरकारच्या शब्दावर. एकाच इमारतीत, कदाचित एकाच पाळीत, दोन तत्त्वांची नाणी शेजारी शेजारी पडत होती. नाण्याचे 'धातुमूल्य' आणि 'दर्शनी मूल्य' यांतील भेद समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

पुढची हकिकत थोडक्यात. १९०३ साली सिंगापूर, पिनांग व मलाक्का या वसाहतींनी स्वतःचा डॉलर काढला. तोही आरंभी मुंबईतच पडला. १९३५च्या अखेरीस चीनने आणि पाठोपाठ हाँगकाँगने चांदीचे चलन सोडले. त्या वर्षी मुंबईत पडलेले व्यापारी डॉलर बहुतेक वितळवले गेले. यानंतर मुंबईच्या टांकसाळीने डॉलरच्या घराण्यातील आणखी एक नाणे पाडले : ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थालर. इथिओपिया आणि येमेनमध्ये या नाण्यावर लोकांचा असा विश्वास होता की राणी १७८० साली वारल्यानंतरही त्याच वर्षाच्या ठशाने ते पाडत राहावे लागले. दुसऱ्या महायुद्धात इथिओपियातील मोहिमेसाठी ब्रिटिशांना ते हवे होते. १९४० व १९४१ या दोन वर्षांत मुंबईत त्याची कोटीहून अधिक नाणी पडली. त्यांवरही साल १७८०च.

तोटा कोणाच्या पदरी?

नाणे चालेनासे झाले की नुकसान कोणाचे होते, हा प्रश्न नाण्यांच्या पुस्तकांत क्वचित येतो. तो येथे मुद्दाम घेत आहोत.

अमेरिकेनेही १८७३ पासून पूर्वेच्या व्यापारासाठी एक 'व्यापारी डॉलर' पाडला होता. आरंभी तो देशातही पाच डॉलरपर्यंतच्या देण्यासाठी वैध होता. १८७६ साली ती वैधता काढून घेण्यात आली. चांदी घसरत होती, तेव्हा त्या डॉलरमधील चांदीचे मोल एका डॉलरहून कमी झाले. मग एक धंदा सुरू झाला. कारखानदार हे डॉलर दलालांकडून कमी भावात घेत आणि कामगारांच्या पगाराच्या पाकिटात पूर्ण डॉलर म्हणून घालत. कामगार ते घेऊन वाण्याकडे गेला की वाणी बट्टा कापून घेई. पगार पूर्ण मिळाला, असे वहीत लिहिलेले; प्रत्यक्षात हाती आला तो कमी. सरकारने १८८७ साली हे डॉलर दर्शनी किमतीला परत घेतले, पण तोवर अनेक कामगारांनी ते कधीच तोट्यात देऊन टाकले होते. परत घेण्याचा लाभ साठा करून बसलेल्या दलालांना झाला.

नाण्याची पारख करण्याची साधने ज्याच्याकडे असतात त्याला बट्टा लागत नाही; तो बट्टा लावतो. ज्याला आजचे पैसे आजच खर्चावे लागतात, तो नाणे धरून ठेवू शकत नाही.

नोट असताना नाणे

विसाव्या शतकात चांदी गेली आणि नाणे हे धातूवर छापलेले वचन झाले. आता प्रश्न बदलला. अमेरिकेने १९७१ साली आयझेनहॉवरच्या मुद्रेचा मोठा डॉलर काढला. तो खिशाला जड होता. १९७९ साली सुसान अँथनी या स्त्रीहक्कांच्या कार्यकर्तीचा छोटा डॉलर काढला. तो पाव डॉलरच्या नाण्याइतका सारखा दिसे की लोकांचा घोटाळा होई. २००० साली साकागाविया या आदिवासी स्त्रीचा सोनेरी रंगाचा डॉलर आला आणि २००७ पासून राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रांची मालिका. लोकांनी ती नाणी कौतुकाने पाहिली आणि बँकेत परत केली. सरकारी कोठारांत शंभर कोटींहून अधिक नाणी साचली, तेव्हा डिसेंबर २०११मध्ये चलनासाठी ती पाडणे थांबवण्यात आले. मात्र दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोरने २००० साली डॉलर हेच आपले चलन केले आणि तेथे साकागावियाचे नाणे सहज चालले.

अमेरिकेत हे का घडले? नाण्यात दोष असेलही. पण खरे कारण असे की एक डॉलरची नोट चालूच ठेवलेली होती. कॅनडाने १९८७ साली डॉलरचे नाणे काढले आणि १९८९ साली त्या किमतीची नोट देणे बंद केले, नाणे रुजले. आपल्याकडे १९९४-९५मध्ये एक, दोन व पाच रुपयांच्या नोटांची छपाई थांबवण्यात आली. पुढे त्यांतील काही अधूनमधून छापल्या गेल्या, परंतु तोवर ही नाणी निमूटपणे अंगवळणी पडली होती. दहा रुपयांबाबत मात्र नोटही आहे आणि नाणेही. निवड करता येते, तेथे संशयाला जागा मिळते.

संशयाचे निमित्तही सापडले. दहा रुपयांचे दुहेरी धातूचे नाणे २००९ साली बाजारात आले. जुलै २०१०मध्ये रुपयाचे चिन्ह स्वीकारले गेले आणि त्यानंतरच्या नाण्यांवर ते आले. त्यामुळे चिन्ह असलेली आणि नसलेली, पंधरा रेषांची आणि दहा रेषांची, शिवाय थोरांच्या स्मरणार्थ काढलेली, अशी नाना तऱ्हांची नाणी एकाच वेळी फिरू लागली. यांतील अमुक खरे व अमुक खोटे, अशा अफवा पसरल्या. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८मध्ये निवेदन काढून सांगितले की तोवर निघालेल्या चौदाही आकृत्यांची नाणी वैध आहेत. नाणे अधिनियम, २०११ प्रमाणे एक रुपया व त्यावरील किमतीची नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर चलन आहेत.

आता त्या टपरीवाल्याकडे न्यायाने पाहू. त्याला कायदा ठाऊक नसेल असे नाही. पण त्याचा दूधवाला नाणी घेत नाही, दूधवाल्याचा ठोक व्यापारी घेत नाही, आणि बँकेत थैली घेऊन गेले तर मोजण्यात अर्धा दिवस जातो, जरी बँकांनी नाणी स्वीकारावीत असे रिझर्व्ह बँकेचे आदेश असले तरी. तो नाण्याला नाकारत नाही. पुढच्या माणसाच्या नकाराचा अंदाज बांधतो. चलनावरचा विश्वास हा नेहमी तिसऱ्याच माणसाविषयीचा असतो.

शब्दांचे चलन

परकी नाणी आपल्या भाषेत फार पूर्वीपासून आली आहेत. उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य असताना व्यवहार 'द्रम्म' या नाण्यात होई. परळ येथे सापडलेल्या शके ११०८ मधील अपरादित्याच्या शिलालेखात चोवीस द्रम्मांच्या दानाचा उल्लेख आहे. हा द्रम्म म्हणजे मूळचा ग्रीक 'द्राख्मे'. द्रम्मचा 'दाम' झाला, दामावरून दमडी आली, आणि आज 'दामदुप्पट' किंवा 'दाम मोजणे' म्हणताना ग्रीसची आठवण कोणालाही होत नाही. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर मानवाकृती असत. त्या पाहून आपल्या लोकांनी नाण्याला 'पुतळी' म्हटले आणि त्याची माळ करून गळ्यात घातली. 'टंक' या शब्दावरून टांकसाळ आली आणि 'टक्का'ही त्याच कुळातला. 'खुर्दा' फारसीतून आला. 'रुपया' मात्र आपला. रूप म्हणजे छाप उमटवलेली चांदी, ते रूप्य.

नाणी गेली तरी त्यांच्या व्यवहाराचे शब्द राहिले. सराफाचा बट्टा गेला. 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' हे राहिले. हुंडी वटवणारे सावकार गेले, धनादेश वटतो. सोळा आण्यांचा रुपया १९५७ साली दशमान पद्धतीने संपला, तरी 'सोळा आणे खरे' बोलणारे आहेत. मोड न केलेला, अखंड रुपया म्हणजे 'बंदा रुपया', आणि तशाच भरवशाचा माणूसही बंदा रुपया. फार हाताळल्याने छाप झिजलेले नाणे गुळगुळीत होते; अतिवापराने अर्थ झिजलेल्या शब्दालाही आपण गुळगुळीतच म्हणतो. 'डॉलर' हा शब्द मराठीत अजून असा मुरलेला नाही. त्याला वाक्प्रयोग नाही, म्हण नाही. नाणे लोकांच्या हातून फिरते तेव्हाच त्याचा शब्द लोकांच्या तोंडात मुरतो, आणि मुंबईचा डॉलर गोदीतूनच परदेशी निघून जात असे.

स्वाध्याय

घरातील दहा नाणी घेऊन प्रत्येकाच्या सालाखालील खूण पाहा. चौकटीच्या आकाराचा ठिपका असेल तर ते मुंबईला पडले, तारा असेल तर हैदराबादला, गोल ठिपका असेल तर नोएडाला. खूण नसेल तर कोलकात्याला. आपल्या हाती कोणत्या टांकसाळीची नाणी अधिक येतात याची नोंद करा.

भिवंडी परिसरात आगरी बोली, कोकणी मुसलमानांची बोली, उर्दू, भोजपुरी व तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. सुट्या पैशांसाठी मराठीत मोड, सुटे, चिल्लर, खुर्दा असे शब्द आहेत. तेलुगूतही 'चिल्लर' आहेच. आपल्या गल्लीतील, कारखान्यातील किंवा बाजारातील किमान पाच व्यक्तींशी बोलून सुटे पैसे, खोटे नाणे, उधारी आणि बट्टा यांसाठी त्या कोणते शब्द वापरतात ते लिहून काढा. शब्दासोबत ज्या वाक्यात तो आला ते वाक्यही, बोलणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे, नोंदवून संपर्कसत्राला सोबत आणा.